आतले आणि बाहेरचे

मटकीचे दाणे दोन वाट्यांत घ्यावेत. एका वाटीतले कच्चेच ठेवावेत, दुसऱ्या वाटीतले कढईत भाजून गार करावेत आणि दोन्ही रात्रभर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी दोन्ही वाट्यांतले दाणे फुगलेले असतील. फुगायला जिवंत असावे लागत नाही. दाण्यातला स्टार्च आणि प्रथिने पाणी ओढून घेतात, एवढेच. खरा फरक दिसतो तो दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवल्यावर. कच्च्या मटकीला दिवसभरात मोड फुटतात. भाजलेली तशीच पडून राहते, मग बुळबुळीत होते आणि तिला आंबूस वास येऊ लागतो, कारण ती आता जिवाणूंचे खाद्य झालेली असते. दोन्ही वाट्यांतले स्टार्च, प्रथिने, तेल, क्षार मुळात सारखेच होते. इथे आणखी एक पडताळा घेता येतो. मोड आलेली मटकी पूर्ण वाळवून तोलली, तर तिचे वजन मूळच्या कोरड्या दाण्यांपेक्षा कमी भरते. मोड वाढताना दाण्याने स्वतःचाच साठा जाळलेला असतो आणि त्यातला काही कार्बन हवेत निघून गेलेला असतो. डोळ्यांना दिसते ती वाढ, तराजूला दिसतो तो खर्च. सगळ्या सजीवांत समान काय, याचे कोणतेही उत्तर द्यायचे तर त्यात हा खर्च बसवता आला पाहिजे.

शाळेत या प्रश्नाचे उत्तर यादीच्या रूपात मिळते: पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, हालचाल, चेतनाक्षमता, प्रजनन. ओळख पटवण्यापुरती ही यादी चांगली आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिच्यातले एकेक लक्षण सुटे काढून तपासले की ते टिकत नाही. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखर वाढत जाते. ज्योत प्राणवायू घेते, इंधन खाते, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि वाट मिळेल तिथे पसरते. उलट बाजूने पाहिले तर घोड्याची 64 आणि गाढवाची 62 गुणसूत्रे एकत्र येऊन 63 गुणसूत्रांचे खेचर जन्मते, ते सहसा वांझ असते. म्हणून घाटातून ओझे वाहणाऱ्या खेचराला निर्जीव कोणी म्हणत नाही. प्रतिसादाचे लक्षण तर जगदीशचंद्र बोस यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच कसोटीला लावले. 10 मे 1901 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी दाखवून दिले, की धातूच्या तुकड्याला वारंवार उद्दीपन दिले तर त्याचा विद्युत प्रतिसाद थकल्यासारखा मंदावतो, विश्रांतीनंतर सुधारतो आणि काही रसायनांनी मावळतो. पुढच्याच वर्षी त्यांचे सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादावरचे पुस्तक आले. सजीव आणि निर्जीव यांच्यात भिंत नाहीच, इथवर बोस गेले. तेवढे पुढे जाण्याची गरज मला वाटत नाही. पण नुसता प्रतिसाद हे सजीवाचे लक्षण होऊ शकत नाही, हे त्या प्रयोगांनी पक्के केले.

माझे म्हणणे असे, की ही सात लक्षणे सात वेगवेगळ्या गोष्टी नाहीतच. त्या एकाच कामाच्या सात बाजू आहेत. ते काम म्हणजे आतले द्रव्य बाहेरच्यापेक्षा वेगळे राखणे, त्यासाठी सतत ऊर्जा खर्च करणे आणि हे सगळे वारशाने मिळालेल्या सूचनांनुसार करणे. यातला एकही भाग गाळला तर उरते ते सजीव नसते. तिन्ही एकत्र असले की यादीतली बाकीची लक्षणे आपोआप मागे येतात.

हे काम उघड्यावर पाहायचे तर रक्तातली लाल पेशी पाहावी. माणसाच्या परिपक्व लाल पेशीत केंद्रक नसते, तंतुकणिका नसतात. ती वाढत नाही, तिचे विभाजन होत नाही. यादीनुसार ती जवळजवळ नापासच. तरीही ती सुमारे 120 दिवस टिकते आणि तिच्या टिकण्याला निव्वळ रसायनांचे साठून राहणे म्हणता येत नाही. तिच्या आत पोटॅशियम भरपूर असते, बाहेरच्या रक्तद्रवात त्याचे प्रमाण तिच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाएवढे; सोडियमचे बरोबर उलट. पटलातून दोन्ही क्षार झिरपत असतात, त्यामुळे काहीच केले नाही तर काही काळाने आत-बाहेर सारखे होऊन जाईल. ते होऊ नये म्हणून पटलात बसवलेला पंप तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि दर फेऱ्याला, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्ची टाकतो. रक्तपेढीच्या शीतकपाटात 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या पिशवीत नेमके काय बिघडते, हे पाहिले की हा पंप किती मोलाचा आहे ते कळते. थंडीत पंप जवळपास थांबतो, झिरपणे मात्र चालूच राहते. दिवसेंदिवस पेशींतले पोटॅशियम बाहेरच्या द्रवात उतरत जाते, एटीपी घटत जाते, पेशींचा तबकडीसारखा आकार बिघडू लागतो. म्हणून पिशवीला मुदत असते, साध्या पोषकद्रवात 35 दिवसांची, आणि म्हणूनच नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचे असेल तर डॉक्टर शक्यतो ताजे रक्त मागतात. मुदत संपत आलेल्या पिशवीत द्रव्य काही कमी झालेले नसते. कमी झालेला असतो तो फरक, आतला आणि बाहेरचा.

बहुतेक पेशींत हा फरक राखायला ऊर्जा कुठून येते, याचे उत्तर पीटर मिचेल या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञाने 1961 मध्ये दिले, आणि बरीच वर्षे ते अनेकांना पटले नाही. अन्नातून एटीपी बनताना मध्ये कुठलातरी खास रसायनाचा दुवा असणार, असे मानून लोक तो शोधत होते. मिचेल म्हणाले, दुवा रसायन नाही, पटल आहे. श्वसनातली ऊर्जा आधी पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन ढकलून साठवण्यात जाते आणि ते प्रोटॉन परत येताना एटीपी घडवतात, जसे कोयनेचे अडवलेले पाणी खाली येताना जनित्र फिरवते. 1974 मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस या शास्त्रज्ञांनी याची जी परीक्षा घेतली, ती मला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटते. त्यांनी सोयाबीनच्या मेदापासून सूक्ष्म पिशव्या केल्या. मिठागरात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचे उजेडात प्रोटॉन ढकलणारे जांभळे प्रथिन त्यांच्या पटलात बसवले. गाईच्या हृदयातल्या तंतुकणिकांतून काढलेले, एटीपी घडवणारे विकरही बसवले. मग उजेड पाडला आणि एटीपी तयार होऊ लागले. वनस्पतीचा मेद, मिठातल्या सूक्ष्मजीवाचा पंप, गाईचे विकर. कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांपासून दुरावलेल्या तीन शाखांतले भाग एकत्र आले आणि चालले. तेच तत्त्व मटकीच्या मोडात, पालकाच्या पानातल्या हरितलवकात आणि हे वाचणाऱ्याच्या स्नायूंत काम करत असते. माणूस एका दिवसात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके एटीपी घडवतो आणि मोडतो; शरीरात एका वेळी असते ते अगदी थोडे, तेच पुन्हापुन्हा फिरते.

आता यादीकडे वळले तर ती वेगळी दिसते. ऊर्जा आणि कच्चा माल आत आणणे म्हणजे पोषण, तिच्यातून प्रोटॉनचा साठा उभा करणे म्हणजे श्वसन, उरलेले बाहेर काढणे म्हणजे उत्सर्जन. बाहेरची स्थिती बदलली की आतली स्थिती सावरावी लागते, त्या सावरण्याला आपण प्रतिसाद म्हणतो. लाजाळूची पाने मिटतात तीही याच भांडवलावर: पानाच्या बुडाशी असलेल्या पेशी साठवलेले पोटॅशियम एकदम सोडून देतात, त्यामागोमाग पाणी जाते आणि पान ढळते. पुन्हा उघडायला पाच-दहा मिनिटे लागतात, कारण तेवढे क्षार पंपाने परत आत भरावे लागतात.

इथे कोणी म्हणेल, मग ज्योतीचे काय? तीही आत तप्त, बाहेर गार असा फरक राखते, त्यासाठी सतत जळते, इंधन संपले की विझते. आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर वर सांगितलेल्या तिसऱ्या भागात आहे. काडेपेटीतून लागलेली ज्योत आणि वीज पडून लागलेली ज्योत यांत काही फरक नसतो. ज्योत कशी जळेल हे समोरचे इंधन ठरवते, तिची आई कोण होती याने काही बिघडत नाही. सजीवाचे तसे नाही. मटकी आणि चवळी एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढल्या तरी मटकीची मटकीच होते. आतला फरक राखणारे पंप आणि विकरे ही प्रथिने असतात, ती झिजतात, मोडतात, सारखी नव्याने घडवावी लागतात, आणि घडवायची तर कृती लिहिलेली हवी. लाल पेशीचे आयुष्य मोजके असते ते यामुळेच: डीएनए टाकून दिल्यावर तिला झिजलेले भाग बदलता येत नाहीत. तिच्याजवळची सगळी प्रथिने अस्थिमज्जेतल्या तिच्या पूर्वज पेशींच्या सूचनांवर घडलेली असतात. खेचराचेही तसेच. ते स्वतः वारसा पुढे देत नसले तरी त्याची प्रत्येक पेशी वारशावरच चालते आणि त्या पेशींचे विभाजन त्याच्या शरीरात रोज होत असते.

या सूचनांची लिपी सगळ्या सजीवांत एकच आहे, हे विसाव्या शतकाने लावलेल्या शोधांत मला सर्वांत थोर वाटते. डीएनएच्या चार अक्षरांतून तीन-तीन अक्षरांचे 64 शब्द होतात. त्यांतले 61 शब्द 20 अमिनो आम्लांपैकी एकेकाकडे बोट दाखवतात, 3 शब्द थांबा सांगतात. 1961 मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी पहिला शब्द उलगडला, आणि उरलेल्या उलगड्यात प्रयोगशाळेत ठरावीक क्रमाचे रेणू घडवून हरगोविंद खुराना यांनी जो वाटा उचलला, त्याबद्दल 1968 चे नोबेल पारितोषिक त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर मिळाले. ही लिपी वाचून प्रथिने जोडणारे यंत्र म्हणजे रायबोझोम. त्याच्या रचनेच्या अभ्यासासाठी 2009 चे नोबेल मिळवणाऱ्या तिघांत वेंकटरामन रामकृष्णन होते. लिपी एक असल्याचा रोजचा पुरावा औषधांच्या दुकानातल्या शीतकपाटात असतो. माणसाचे इन्सुलिन घडवण्याच्या सूचना 1978 मध्ये आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूत घातल्या गेल्या आणि त्या जिवाणूने त्या बिनचूक वाचल्या. 1982 पासून असे इन्सुलिन रुग्णांना मिळू लागले, त्याआधी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडांतून काढावे लागे.

लिपी अगदी एकच नाही, असा आक्षेप अभ्यासू वाचक घेईल. खरेच आहे. आपल्याच तंतुकणिकांत एक थांबा-शब्द ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा अर्थ देतो, काही यीस्टमध्ये एका शब्दाचा अर्थ बदललेला आहे. पण हे अपवाद कसे आहेत ते पाहिले पाहिजे. 64 पैकी एखाददुसरा शब्द हललेला, बाकी सगळा कोश तोच. कोश वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे जुळला असता, तर साम्य असे साठ-साठ शब्दांचे राहिले नसते. शब्दांचे अर्थ असेच असले पाहिजेत, अशी रसायनशास्त्राची सक्ती तर दिसत नाही. जे असेच असायला हवे होते असे नाही, तरीही सगळ्यांत तेच आहे, त्याचे सरळ कारण एकच: ते एकाच पूर्वजाकडून आले. सजीवांची समान लक्षणे ही नुसती व्याख्येची कलमे नाहीत, घराण्याच्या खुणा आहेत.

याची परीक्षा घ्यायला लोणारइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेल्या विवरात आहे. पाणी खारट आणि इतके अल्कधर्मी, की त्याचा सामू 10 च्या आसपास असतो. जून 2020 मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग लवणप्रिय आर्कियांचा असल्याचे दाखवले. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे, पण 1977 मध्ये कार्ल वूज यांनी रायबोझोममधल्या आरएनएची तुलना करून ती सजीवांच्या घराण्यातली वेगळीच शाखा असल्याचे सांगितले. त्यांच्या पटलातले मेद आपल्या आणि जिवाणूंच्या मेदांपेक्षा वेगळ्या रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. म्हणजे पटल कशाचे करायचे यावर शाखांत एकमत नाही. पटल असलेच पाहिजे, यावर आहे. असे लवणप्रिय आर्किया बाहेर सोडियमचा मारा असताना आत पोटॅशियम भरून ठेवतात. रक्तातल्या लाल पेशीची आणि खाऱ्या तळ्यातल्या आर्कियाची यात गाठ पडते. दोघांच्या मुळाशी तोच फरक, तोच खर्च, तीच लिपी.

सगळ्यात अवघड आक्षेप झोपलेल्या जीवांचा आहे. कोरड्या मटकीत कसला खर्च आणि कसला पंप? डब्यात वर्षभर पडलेला दाणा काहीच करत नाही म्हटले तरी चालेल. इस्रायलमधल्या मसादा येथे उत्खननात मिळालेली सुमारे 2000 वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 मध्ये पेरली, तर रुजली. टार्डिग्रेड हे मिलिमीटरहून लहान प्राणी पार वाळून जातात. 2007 मध्ये त्यांना यानातून नेऊन अवकाशाच्या निर्वातात उघडे ठेवले, आणि परत आल्यावर पाणी मिळताच त्यांतले बरेच चालू लागले. हे पाहिल्यावर, काम म्हणजेच जीवन असे म्हणणे चुकीचे ठरते, हे मान्य करावे लागेल. नेमके म्हणायचे तर जीवन म्हणजे ते काम करू शकणारी, शाबूत असलेली मांडणी. वाळताना बीमध्ये शर्करा आणि खास प्रथिने पाण्याची जागा घेतात, आतला द्रव काचेसारखा घट्ट होतो आणि पटले, विकरे, डीएनए जिथल्या तिथे गोठून राहतात. थांबण्याची ही तयारीसुद्धा वारशाने आलेली असते. कढईत हीच मांडणी विस्कटते: प्रथिनांच्या घड्या उकलतात, पटले फाटतात. द्रव्य तेच राहते, पण त्यापासून पुन्हा फरक उभा करणारे कोणी उरत नाही.

विषाणू या कसोटीवर कुठे बसतो? 1935 मध्ये वेंडेल स्टॅन्ले यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक केले, तेव्हापासून हा वाद चालू आहे. विषाणूजवळ सूचना आहेत, त्याही याच लिपीत. म्हणून तर आपल्या पेशी त्या निमूट वाचतात. पण स्वतःचे रायबोझोम नाही, स्वतःची ऊर्जा नाही. पेशीबाहेर तो बीसारखा झोपलेला आहे म्हणावे, तर बी नुसत्या पाण्याने जागी होते, विषाणूला दुसऱ्याची चालती पेशी लागते. मी त्याला सजीवांच्या घराण्यातला मानतो, सजीव मात्र मानत नाही. काही शास्त्रज्ञ याच्या उलट बाजूला आहेत आणि त्यांच्याकडेही कारणे आहेत, कारण 2003 मध्ये ओळख पटलेल्या मिमीविषाणूजवळ प्रथिने जोडण्याच्या कामातली काही जनुकेसुद्धा सापडली. सीमा धूसर आहे म्हणून दोन्ही बाजूंचे प्रदेश खोटे ठरत नाहीत.

या सगळ्यात एक अडचण मात्र खरोखर उरते. आपण ओळखतो ते सारे सजीव एकाच घराण्याचे असतील, तर त्यांच्यात समान असलेल्या कोणत्या गोष्टी जीवनाला अटळ आहेत आणि कोणत्या केवळ पूर्वजाकडून आल्या म्हणून आहेत, हे घराण्याच्या आत बसून ठरवता येत नाही. माझा अंदाज असा, की आत-बाहेरचा फरक, ऊर्जेचा खर्च आणि सूचनांचा वारसा हे अटळ असावेत. 64 शब्दांचा हाच कोश, हीच 20 अमिनो आम्ले, त्यांची डावखुरी रचना (आरशातल्या प्रतिमेसारखी उजवी रचनाही शक्य असते) हा वारसा असावा. जनुके कमी करत करत 2016 मध्ये अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने 473 जनुकांचा जिवाणू घडवला, तेव्हा त्यांतल्या 149 जनुकांचे काम काय ते कुणालाच सांगता आले नाही. आपल्याच घराण्यातल्या इतक्या लहान जीवाचा जवळजवळ तिसरा हिस्सा अपरिचित असताना, परक्या जीवाबद्दल नेमस्त बोललेले बरे.

मंगळावर हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. 1976 मध्ये उतरलेल्या दोन व्हायकिंग यानांनी तिथल्या मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेल्या पोषकद्रवाचे थेंब टाकले. लगेच किरणोत्सारी वायू बाहेर पडला. तीच माती आधी 160 अंशांना तापवून प्रयोग केला, तर वायू आला नाही. वरवर पाहता ही भाजलेल्या आणि कच्च्या मटकीचीच गोष्ट. पण दुसऱ्यांदा द्रव घातल्यावर वायू वाढला नाही, आणि दुसऱ्या उपकरणाला त्या मातीत सेंद्रिय द्रव्य असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. 2008 मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडले. अशा क्षारांमुळे होणाऱ्या निर्जीव रासायनिक क्रियेनेही तो वायू सुटू शकतो, असे बहुतेकांचे मत झाले. यादीतले एक लक्षण सापडले, पण त्यामागचे काम सापडले नाही. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राच्या बर्फाखालून उसळणाऱ्या फवाऱ्यांतून कॅसिनी यान गेले, तेव्हा तिथे पाणी, क्षार, सेंद्रिय रेणू आणि हायड्रोजन मिळाला. पण ते यान सजीव शोधण्यासाठी बांधलेले नव्हते. पुढच्या यानाने तिथे अमिनो आम्ले कोणत्या हाताची आहेत ते तपासावे, अशी सूचना पुष्कळ शास्त्रज्ञ करतात. डावी-उजवी सारखीच निघाली तर ती बहुधा निव्वळ रसायने. सगळी डावी निघाली तर आधी आपल्याच उपकरणावर गेलेल्या घाणीचा संशय घ्यावा लागेल. आणि सगळी उजवी निघाली, तर आपल्या घराण्याबाहेरचे पहिले घराणे सापडले असे मानायला भक्कम आधार मिळेल.